दूषित भूमीचे ऋण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)

 

आचारांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनाचे नाव ‘शस्त्रपरिज्ञा’. षट्कायातील जीवांचा विचार तेथे मांडला आहे आणि त्यात पृथ्वीकायाचा विचार आरंभीच येतो. माती सजीव आहे, हे जैन घरातील मुलाला पाठशाळेतच शिकवले जाते. कंदमूळ वर्ज्य करणारा, पाणी गाळून पिणारा हा समाज. तथापि ज्या जमिनीत कारखान्याचे विष मुरले, तिचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न व्याख्यानांतून क्वचितच चर्चिला जातो. कापडाच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या समाजाला तो दूरचा नाही, हे राजस्थानातील एका खेड्याच्या हकिकतीवरून ध्यानात येईल.

उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८८ च्या सुमारास तेथील कारखान्यांत एच-ॲसिडचे उत्पादन सुरू झाले. हे नाव कापडाच्या पेढीवर फारसे कोणी ऐकलेले नसते. परंतु सुती कापडावरील काळ्या आणि गडद निळ्या छटा ज्या रासायनिक रंगांनी येतात, त्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी एच-ॲसिड असते. नॅप्थलीन, म्हणजे कपाटातील डांबरगोळ्यांचा पदार्थ, तीव्र आम्ले आणि लोखंडाचा चुरा यांच्या साहाय्याने ते तयार होते आणि मागे जिप्सम व लोह असलेला विषारी गाळ उरतो. बिछडीत सुमारे ३७५ टन एच-ॲसिड निघाले आणि सुमारे २४४० टन गाळ साचला. एक भाग माल आणि साडेसहा भाग कचरा, असा हा ताळेबंद. कारखान्यांची नावे निकालपत्रात छापलेली आहेत; येथे त्यांचा उच्चार करण्याचे प्रयोजन नाही.

सांडपाणी मोकळे सोडले गेले, गाळ उघड्यावर टाकला गेला. ते विष जमिनीत झिरपले आणि विहिरींचे पाणी माणसांना, गुरांना आणि पिकांनाही निरुपयोगी झाले. सुमारे ३५० हेक्टर जमीन बाधित झाली. ग्रामस्थांचा क्षोभ इतका उसळला की जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदी लागू करावी लागली. जानेवारी १९८९ मध्ये एच-ॲसिडचा मुख्य कारखाना बंद पडला.

येथे अनेकांना वाटेल की प्रश्न मिटला. परंतु आस्रव थांबला म्हणजे केवळ संवर झाला. पूर्वी बांधलेले कर्म भोगून तरी संपवावे लागते, नाहीतर तपाने त्याची निर्जरा करावी लागते. बिछडीत संवर १९८९ मध्ये झाला, भोग मात्र सुरूच राहिला. आणि येथेच ही उपमा तुटते. कर्मसिद्धांतात एकाचे कर्म दुसरा भोगत नाही. बिछडीत बांधले एकांनी आणि भोगले दुसऱ्यांनी.

प्रकरण १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने जागेवर जाऊन माती व पाणी तपासले. एकूण गाळापैकी सुमारे ७२० टनच खड्ड्यांत साठवलेला होता, उरलेला परिसरात विखुरलेला होता. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला: ज्याने प्रदूषण केले त्यानेच ते निस्तरण्याचा खर्च सोसावा. ४ नोव्हेंबर १९९७ रोजी ही रक्कम ३७.३८५ कोटी रुपये ठरली. त्यानंतर अर्जांमागून अर्ज झाले आणि वर्षे गेली. अखेर १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने त्या रकमेवर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याज आणि शिवाय १० लाख रुपये खर्च आकारला. बारा टक्के चक्रवाढीने मुद्दल सहा वर्षांत दुप्पट होते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. देणे लांबवणाऱ्याला व्याजाने वठणीवर आणता येते, हे न्यायालयाने अचूक ओळखले. परंतु त्या सर्व वर्षांत शेतकऱ्याच्या बुडालेल्या हंगामांना चक्रवाढ कोण लावणार?

अशा गावाला सहानुभूतीपेक्षा अधिक गरज असते ती स्वतःच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या जाणकाराची. अमेरिकेत नायगरा फॉल्स शहरातील लव्ह कॅनाल वस्तीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एका रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात तेथील जुन्या कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि १९५३ मध्ये ती जागा शिक्षण मंडळाला अवघ्या १ डॉलरला दिली. खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता. तरीही तेथे शाळा बांधली गेली, सभोवती घरे झाली आणि तो कागद दप्तरात पडून राहिला. १९७८ मध्ये लुईस गिब्स या गृहिणीने, जिचा मुलगा त्याच शाळेत जात होता, दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. त्याच वर्षी तेथे आणीबाणी जाहीर झाली आणि कुटुंबे हलवली गेली. १९८० मध्ये अशा जागांच्या शुद्धीसाठी ‘सुपरफंड’ कायदा झाला. १९८६ मध्ये त्यात एक शहाणपणाची तरतूद आली: बाधित वस्तीला स्वतःचा स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्यासाठी सरकारकडून अनुदान, आरंभी ५० हजार डॉलरपर्यंत. सरकारचा अहवाल एका बाजूला, कंपनीचा दुसऱ्या बाजूला, आणि त्या दोहोंचा अर्थ गावकऱ्यांना समजावून सांगणारा तिसरा माणूस गावकऱ्यांचा.

भारतात केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावयाची आणि मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची, अशी त्यात व्यवस्था आहे. शेती, निवास, व्यापार, उद्योग, ज्या वापरासाठी जमीन हवी त्यानुसार शुद्धीची मर्यादा निराळी आहे. म्हणजे शुद्ध झालेल्या जागेवर गोदाम चालेल, परंतु तेथेच भाजी पिकवता येईल, असे गृहीत धरता येत नाही.

उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाची १५ कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत विषवाणिज्य आहे आणि लाक्षावाणिज्यही आहे. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात लाक्षावाणिज्याचा अर्थ विशद करताना नीळही त्यात गणली आहे. कापडाच्या रंगाचा दोष इतक्या पूर्वी ओळखणाऱ्या परंपरेत रंगीत तागा विकताना तो कोठे रंगला, तेथील पाणी कोठे गेले, हे रंगारी कारखान्याला विचारणे जड वाटू नये. भावाची घासाघीस करताना जेवढे प्रश्न विचारले जातात त्यांत एकाची भर.

काही श्रावकांची एक शंका असते: जमीन खोदून माती उचलणे हीच पृथ्वीकायाची हिंसा नव्हे काय? शंका रास्त आहे. गृहस्थाकडून आरंभी हिंसा होतेच. मंदिराचा पाया खोदतानाही ती होते आणि ती यतनेने करावयाची असते. विष तसेच ठेवले तर मात्र ते मातीतील, पाण्यातील आणि ते पाणी पिणाऱ्या पंचेंद्रिय जीवांचा घात करीत राहते. शिवाय प्रत्येक ठिकाणी उत्खनन लागतेच असे नाही. कोठे अभेद्य थर देऊन पाऊस आत शिरू न देणे पुरते; कोठे जंतूंकडून रसायनाचे विघटन करवता येते; मोहरीसारख्या काही वनस्पती जमिनीतील जड धातू शोषून घेतात. मात्र असा हिरवा पाला गुरांच्या तोंडी लागता कामा नये. पांजरापोळीला चाऱ्यासाठी पडीक जमीन दान देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. जीवदयेच्या नावाने विषारी चारा घातला जाणे यासारखा विपर्यास नाही.

इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी यांसारख्या वस्त्रनगरींत बंद पडलेल्या कारखान्याची जागा विक्रीस निघाली की शाळा, वसतिगृह किंवा स्थानकासाठी ट्रस्टांपुढे प्रस्ताव येऊ शकतो. भाव आकर्षक असतो आणि वकील केवळ मालकी हक्क तपासतो. तेथे पूर्वी काय तयार होत होते, याची चौकशी प्रथम व्हावी. कारण सर्व विषे एकाच चाचणीत सापडत नाहीत, प्रयोगशाळेला काय शोधावयाचे हे सांगावे लागते. जुन्या कामगारांना भेटावे. पिंपे कोणत्या कोपऱ्यात रिकामी होत होती, हे सातबाऱ्यावर नसते, त्यांना ठाऊक असते. त्या कोपऱ्यातील माती वरची व खोलवरची अशी दोन्ही, आणि बोअरचे पाणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावे. अहवालाची प्रत खरेदीखतालाच जोडावी आणि विश्वस्त मंडळाच्या इतिवृत्तात तिची नोंद घ्यावी, म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्या विश्वस्तांच्याही ती हाती पडेल.