जुने वाद : मिटवावेत की उघडे ठेवावेत?

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही जुन्या वाचनालयात मासिकांच्या बांधीव खंडांचे एक कपाट असते. सभासदांची वर्दळ तिकडे फारशी नसते. परंतु ‘विविधज्ञानविस्तारा’सारख्या, १८६७ पासून १९३७ पर्यंत चाललेल्या मासिकाचे खंड चाळू लागले की एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. कोणी विद्वान एका अंकात एखादे मत मांडतो. पुढच्या अंकात त्यावर आक्षेप येतो, आक्षेपाला उत्तर येते, उत्तराला प्रत्युत्तर येते. अखेरीस जागा अपुरी पडते, वाचक कंटाळतात आणि संपादक वाद थांबवतो. संपादकाच्या दृष्टीने ते रास्तच असते, कारण मासिकाची पाने मोजकी असतात.

परंतु संपादकाने थांबवला म्हणून वाद संपतो काय? चाळीस वर्षांनी एखाद्याला नवा कागद सापडला, तर त्याला त्या जुन्या वादात बोलण्याचा अधिकार असावा की नसावा? ‘तो विषय केव्हाच मिटला’ असे सांगून त्याला परत पाठवावे काय? शंभर वर्षांची ग्रंथसंपदा सांभाळणाऱ्या संस्थेला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मिटलेले आणि न मिटलेले असे दोन्ही वाद तिच्याच कपाटात शेजारी शेजारी उभे असतात.

मराठी माणसाला जिव्हाळ्याचे असे एक उदाहरण घेऊ. मराठीतील पहिले कोरीव वाक्य कोणते? या प्रश्नाचे उत्तर अनेक पिढ्यांनी शाळेत पाठ केले आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्री चावुण्डराजें करवियलें’ अशी अक्षरे आहेत. चामुंडरायाने ही मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी केली, त्यावरून या वाक्याचा काळ शके ९०५, म्हणजे इसवी सन ९८३, असा धरला गेला. कन्नड मुलखाच्या ऐन मध्यावर मराठीचा जन्मदाखला कोरलेला आहे, ही कल्पनाच सीमाभागातील मराठी वाचकाचे मन सुखावणारी होती. तो वाद कायमचा मिटावा असे त्याला वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

पण त्याच ठिकाणी दुसरी एक मराठी ओळ आहे. गंगराजाने मूर्तीभोवतीचे आवार बांधविले, असे ती सांगते. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. त्याचा काळ बाराव्या शतकाचा आरंभ. दोन्ही ओळींच्या अक्षरांचे वळण एकच दिसते, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले. वळण एकच असेल, तर दोन्ही ओळी एकाच वेळी, म्हणजे गंगराजाच्या काळात, कोरल्या गेल्या असे म्हणणे भाग पडते. मूर्ती दहाव्या शतकातली असली, तरी तिच्या पायाशी असलेले वाक्य सव्वाशे वर्षांहून अधिक काळानंतरचे ठरते.

त्यानंतर अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेख पुढे आला. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यातील शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला. त्यावरही आक्षेप आले. लेखात केसिदेव या शिलाहार राजाचे नाव आहे आणि त्या नावाचे दोन राजे सुमारे दोन शतकांच्या अंतराने होऊन गेले. मग हा केसिदेव कोणता? दरम्यान सोलापूरचे आनंद कुंभार यांनी भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथील लेख प्रकाशात आणला. त्याचा शक ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. आज अनेक अभ्यासक त्या लेखाकडे बोट दाखवतात, तर अक्षीचा पक्ष घेणारेही आहेत.

या सगळ्या हकिगतीत एक गोष्ट लक्षात घ्यावी. श्रवणबेळगोळच्या उत्तरावर शिक्कामोर्तब करून दार बंद केले असते, तर अक्षीचा दगड आणि कुडलची तुळई यांकडे इतक्या बारकाईने कोणी पाहिले नसते. प्रश्न उघडा होता म्हणून गावोगावच्या देवळांतून फिरणाऱ्या अभ्यासकाच्या श्रमाला अर्थ होता. आणि श्रवणबेळगोळचे मोल तरी कोठे कमी झाले? मूर्तीपाशी तीच हकिगत कन्नड आणि तमिळ भाषांतही कोरलेली आहे. यात्रेकरूंच्या तीन भाषा एका दगडावर नांदत होत्या, हे सत्य ‘पहिले वाक्य’ या मानापेक्षा सीमाभागाला अधिक उपयोगी पडणारे आहे. पहिलेपणाचा हट्ट थोडा सैल झाल्यावरच ते नीट दिसू लागते.

आता दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडली पाहिजे. वाद उघडे ठेवा असे म्हणणे सोपे आहे. त्याची किंमत समाजाला मोजावी लागते. मुलांच्या पाठ्यपुस्तकात एक उत्तर छापावे लागते. उत्सवाला एक दिवस ठरवावा लागतो. लोकांच्या श्रद्धेचे विषय वारंवार उकरले तर मने दुखावतात. आणि जुन्या राखेत फुंकर घालून केवळ ठिणग्या उडवण्याची हौस असलेली माणसेही प्रत्येक पिढीत असतातच.

शिवजन्माच्या तिथीचा वाद या दृष्टीने फार बोधप्रद आहे. बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, हे जन्मवर्ष दीर्घकाळ मानले जात होते. लोकमान्य टिळकांना कारीच्या जेधे देशमुखांकडून एक शकावली मिळाली. ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी नोंद होती. पुढे तंजावरच्या ग्रंथालयात कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ची प्रत स. म. दिवेकरांना मिळाली आणि १९२७ मध्ये तो ग्रंथ छापला गेला. त्यातही तीच तिथी निघाली. जोधपूरकडे सापडलेली जन्मकुंडली तिला अनुकूल ठरली. तरीही मतभेद राहिले. १९६६ मध्ये महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीचे एकमत झाले नाही. अखेर २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

या प्रकरणात शासनाने जे केले त्याला निर्णय म्हणतात. इतिहासकार जे करतात त्याला निष्कर्ष म्हणतात. निर्णय व्यवहारासाठी असतो, आणि तो एका दिवशी घ्यावाच लागतो. निष्कर्ष पुराव्यावर उभा असतो आणि पुरावा जेवढा, तेवढाच तो पक्का असतो. शासनाने तारीख ठरवली म्हणून जेधे शकावलीचे बळ वाढले नाही, आणि ठरवली नसती तरी ते घटले नसते. निर्णयाने सुटी कोणत्या दिवशी ते ठरावे, एवढे योग्यच आहे. परंतु निर्णयाचा हात धरून निष्कर्षाचे दारही लावून घेतले, तर उद्या एखाद्या दप्तरातून निघणारा कागद कोणाच्या पुढे ठेवायचा? या वादाचा मराठी इतिहाससंशोधनाला झालेला खरा लाभ तर तारखेपलीकडचा आहे. बखरीपेक्षा समकालीन टिपणाला अधिक वजन द्यावे, हा विवेक अशाच वादांतून मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला.

श्रद्धेच्या विषयाचेही एक उदाहरण आहे. १८९८-९९ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी लेख लिहिले. ‘ज्ञानेश्वरी’चे कर्ते ज्ञानदेव वेगळे आणि अभंगांचे कर्ते ज्ञानदेव वेगळे, असा त्यांचा दावा होता. वारकरी मनाला हा घाव वाटला, हे समजण्यासारखे आहे. पण भाविक विद्वानांनीही लेखणी उचलली आणि उत्तरे दिली. बहुतेकांनी दोन ज्ञानदेवांचे मत स्वीकारले नाही. तथापि त्या खटाटोपात ‘ज्ञानेश्वरी’ची भाषा जुनी आणि अभंगांची भाषा नवी का वाटते, याचा विचार करावा लागला; मुखोमुखी गायले जाणारे अभंग पिढ्यान् पिढ्या भाषेचे वस्त्र कसे बदलत जातात, हे उमगले. भारद्वाजांचे मत मागे पडले. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र उपयोगी ठरला. त्यांना गप्प बसवले असते, तर श्रद्धेचे रक्षण झाले असते असे नाही. श्रद्धा असलेल्यांचा अभ्यास तेवढा उणा राहिला असता.

मग ठिणग्या उडवणाऱ्यांचे काय करावे? यावर जुन्या न्यायशास्त्राने फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. त्याने चर्चेचे तीन प्रकार सांगितले : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचा पक्ष मोडत राहणे ही वितंडा. त्याच शास्त्राने बावीस निग्रहस्थाने सांगितली. त्यांपैकी एकाही ठिकाणी सापडलेला वादी हरला असे समजावे. त्यांत ‘पुनरुक्त’ आहे, म्हणजे तेच तेच पुन्हा बोलणे. आणि ‘अर्थान्तर’ आहे, म्हणजे विषय सोडून भलतेच बोलणे. जुन्या वादात नव्याने बोलू पाहणाऱ्याला यापेक्षा वेगळी कसोटी कशाला हवी? नवा कागद, नवे वाचन, किंवा जुन्याच पुराव्यातली आजवर न दिसलेली सांगड, यांपैकी काही त्याच्या हाती असेल तर त्याचे स्वागत व्हावे. आवाज तेवढा नवा आणि मजकूर जुनाच असेल, तर त्याला नम्रपणे जुना खंड काढून दाखवावा.

आणखी एक अट आहे, ती सौजन्याची. साठ-सत्तर वर्षांपूर्वी लिहिणारा लेखक आज उत्तर द्यायला उपस्थित नसतो. नवे बोलणाऱ्याला शेवटचा शब्द आयताच मिळतो. म्हणून त्याची जबाबदारी दुप्पट होते. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष मांडण्याची जी शिस्त होती, ती यासाठीच. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने स्वतः मांडले असते तितक्या समर्थपणे आधी मांडायचे आणि मगच त्याचे खंडन करायचे. गेलेल्या माणसाची सोयीची चार वाक्ये उचलून त्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही.

हे सारे वाचनालयाने करायचे कसे, याचा कित्ताही एका ग्रंथालयाच्या संस्थापकाच्या ग्रंथातच मिळतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांत विनायक लक्ष्मण भावे होते. त्यांनीच ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपींच्या कुलपांतून बाहेर येऊ लागले, तशी त्यांना आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्तीत मोठी भर घालावी लागली. १९२६ मध्ये भावे गेले. संशोधन पुढे चालूच राहिले आणि पुष्कळ विधाने जुनी झाली. तेव्हा डॉ. तुळपुळे यांनी भाव्यांच्या ग्रंथाला विस्तृत पुरवणी जोडली. मूळ ग्रंथ भाव्यांचा म्हणून भाव्यांच्याच शब्दांत राहिला. नवे ज्ञान पुरवणीत आले. वाचकाला दोन्ही एका बांधणीत मिळाले. कोणी काय म्हटले होते आणि नंतर काय कळले, हे दोन्ही त्याला स्वच्छ दिसते.

ही पुरवणीची पद्धत वाचनालयाने आपल्या तालिकेत आणावी. जुन्या खंडाच्या समासात पेन्सिलीने ‘चूक!’ असे लिहून जाणारे सभासद प्रत्येक वाचनालयाला ठाऊक असतात. त्यांच्यावर ग्रंथपाल रागावतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या पेन्सिलीमागची इच्छा चांगली असते. पुढच्या वाचकाने फसू नये, एवढेच त्या सभासदाला सांगायचे असते. त्या इच्छेला वाचनालयाने जागा द्यावी. ज्या लेखाला पुढे उत्तर मिळाले, त्याच्या नोंदीखाली ‘हेही पाहा’ म्हणून उत्तराचा खंड आणि पृष्ठ द्यावे. उत्तराच्या नोंदीतून मूळ लेखाकडेही तसाच निर्देश असावा. नोंदीचे कार्ड असो की संगणकाचा पडदा, काम तेच आहे. या मातीतला एखादा जाणता सभासद सप्रमाण टिपण घेऊन आला, तर ते तारखेसह आणि नावासह दप्तरी ठेवावे.

याच्या उलट एक धोका प्रत्येक जुन्या वाचनालयासमोर उभा असतो. जागा अपुरी पडते, कागद पिवळा पडून तुटू लागतो आणि ‘कालबाह्य’ असा शेरा मारून जुने खंड निकाली काढण्याचा ठराव पुढे येतो. निकाली निघणाऱ्या खंडांत पुष्कळदा वादाचा पहिला अर्धा भाग असतो. तो गेला की उरलेले उत्तर कोणाला दिलेले आहे हेच कळत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी एका पुस्तकात ९८३ वाचतो आणि दुसऱ्यात १०१८. त्याला दोन्हींमधला रस्ता दाखवणारा खंडच कपाटात नसेल, तर तो दोन्ही पुस्तकांवरचा विश्वास गमावून बसतो. सीमाभागात तर असा एकेक खंड परत मिळवणे अवघड असते, कारण येथे मराठी ग्रंथांची दुकाने थोडी आणि जुन्या मासिकांचे धनी त्याहून थोडे.

वाचनालयाच्या दुसऱ्या शतकाचा आरंभ अशा एखाद्या साध्या कामाने व्हावा. कार्यकारी मंडळाने पाच-सहा जाणत्या सभासदांकडे मासिकांचे खंड सोपवावेत, एकेका वादाचे लेख शोधून त्यांच्या नोंदी एकमेकींना जोडून घ्याव्यात, आणि ते पुरे होईपर्यंत एकही खंड निकालात काढू नये. काम वेळखाऊ आहे, पण त्याला इमारत लागत नाही की मोठी देणगी लागत नाही. प्रत्येक नोंदीखाली दोन ओळींची जागा मात्र कोरी सोडावी. पुढच्या शंभर वर्षांत तेथे लिहिणारे कोणी ना कोणी येईलच.