रस्त्याची ताकद त्याच्या पोटात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळा सरला की गल्लोगल्ली डांबराची पिंपे दिसू लागतात. खड्ड्यांवर नवा थर पडतो, आठ-दहा महिने बरे जातात आणि पुढच्या आषाढात तोच खड्डा त्याच जागी हजर! आपण डांबराला बोल लावतो. रस्त्यांच्या कामावर माझी बरीच वर्षे गेली. दुखणे बहुतेक वेळा डांबराच्या खाली असते, असा माझा अनुभव आहे.

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या भागांत कितीतरी वसाहती काळ्या मातीवर उभ्या आहेत. ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून तर पावसाशिवाय रब्बीची ज्वारी पिकते. पण शेतकऱ्याला तारणारा हा गुण रस्त्याला मारतो. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. खालची भुई अशी वरखाली झाली, तर डांबरच काय, काँक्रीटही तडकते.

मातीची ताकद मोजायची सोपी चाचणी आहे. तिला सीबीआर म्हणतात. दाबून बसवलेला मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, मग ५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी दट्ट्या त्यात दाबायचा आणि प्रमाणित खडीच्या तुलनेत तो किती टक्के विरोध करतो ते पाहायचे. भिजलेली काळी माती अनेकदा दोन-तीन टक्क्यांवरच अडते. चांगला मुरूम दहाच्या पुढे जातो. आकडा जितका लहान, तितका रस्ता जाड हवा. नाहीतर काळी माती काढून मुरूम भरावा किंवा तीत तीन ते पाच टक्के चुना मिसळावा. चुन्याने तिचे फुगणे बरेच कमी होते.

दुसरा विचार वजनाचा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. आसावरचे वजन दुप्पट झाले, तर रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते, असे तीतून दिसले. म्हणजे आपल्या गल्लीत दिवसभर धावणाऱ्या स्कूटरींपेक्षा पाण्याचा एक भरलेला टँकर किंवा कचऱ्याचा ट्रक अधिक भारी पडतो. जाडी ठरवताना हिशेब त्यांचा धरायचा.

तिसरा विचार पाण्याचा. सहा मीटर रुंदीचा डांबरी रस्ता मध्यभागी कडेपेक्षा सहा-सात सेंटिमीटर उंच हवा आणि कडेला वाहते गटार हवे. गटार तुंबले की पाणी कडेने रस्त्याच्या पोटात शिरते.

आता आपल्या घराशी भिडणारी गोष्ट. जुना थर न खरवडता त्यावर थर चढवत गेले, की रस्ता वाढतो, घर आहे तिथेच राहते. ज्या घराला रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून जावे लागे, त्याच घरात उतरून जायची वेळ येते, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी उंबरठा ओलांडते. आयुष्यभराची कमाई घालून घर बांधणाऱ्याला हे फार महाग पडते.

तेव्हा तुमची गल्ली नव्याने होणार असेल, तर आधी चार प्रश्न विचारा. मातीची चाचणी झाली का? नळाच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या आधी टाकून, चर थराथराने दाबून भरणार का? जुना थर काढणार का? नव्या रस्त्याची पातळी आमच्या जोत्याच्या किती खाली राहील? उत्तरे तोंडी मिळाली नाहीत, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अंदाजपत्रक आणि चाचणीचा अहवाल मागता येतो. फक्त हा अर्ज रोलर येण्यापूर्वी करा.