फक्की मारणारी माणसं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडंफार नीट करून, इथे दिलं आहे.)



मला 'सोसायटीच्या जुन्या आठवणी' असा विषय दिला आहे. आठवणी सांगणारच आहे, पण जरा वळसा घालून. कल्याणहून निघून वेल्समधल्या एका गावात जायचं आणि परत आपल्या मागच्या अंगणात यायचं. वाटेत रग्बी लागेल. हसू नका, मीही आधी हसलोच होतो.

2019 च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे गेलो. सहा महिन्यांचा व्हिसा होता. मुलगा दक्षिण वेल्समध्ये पाँटिप्रिध या शहराजवळ राहतो, टॅफ नदीच्या खोऱ्यात. पूर्वी हा सगळा कोळशाच्या खाणींचा मुलूख. 1984-85 मध्ये खाणकामगारांचा वर्षभर संप झाला, आणि त्यानंतर एकेक करत खाणी बंद पडल्या. हे ऐकलं आणि मला तो गाव परका वाटेना. मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर आमच्या घरात काय झालं ते वेगळं सांगायला नको, इथे बसलेल्या निम्म्या घरांत तेच झालं. लालबाग-परळला गल्लोगल्ली व्यायामशाळा आणि कबड्डीचे संघ, तसे तिथे गावोगावी रग्बीचे क्लब. खाणी गेल्या, क्लब राहिले.

आता खेळ थोडक्यात सांगतो. एका बाजूला पंधरा खेळाडू, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या रेषेपलीकडे टेकवायचा. त्याचे पाच गुण. समोरचे आडवे पडून पाय धरतात, म्हणजे आपल्या कबड्डीतली पकडच. पण एक नियम मला फार गमतीचा वाटला. चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही. पास द्यायचा तर मागच्यालाच. रेफरीशी बोलायचं ते फक्त कप्तानाने, आणि तेही 'सर' म्हणून. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा नियम आणता आला तर बघा.

आमचा नातू तेव्हा सात वर्षांचा. क्लबात त्याच्या वयाच्या मुलांना धरून पाडायची परवानगी नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावतात, ती फीत ओढली की झाली पकड. मुलांचा खेळ रविवारी सकाळी, मोठ्यांचा सामना शनिवारी दुपारी. मोठे म्हणजे कोण? इलेक्ट्रिशियन, शाळामास्तर, हॉस्पिटलातला नर्स, ट्रकचा ड्रायव्हर. पैसे कुणालाच मिळत नाहीत, उलट वर्गणी भरून खेळायचं. मी आपला कोट, कानटोपी, मफलर घालून रेषेबाहेर उभा. पहिला महिना माझं मत असं, की एवढ्या थंडीत चिखलात लोळायला ही माणसं मूर्ख आहेत.

मत बदललं 27 ऑक्टोबरला. त्या वर्षी जपानमध्ये रग्बीचा वर्ल्ड कप होता आणि वेल्स उपांत्य फेरीत पोचला होता, दक्षिण आफ्रिकेशी गाठ होती. जपानची संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. सामना नऊला, आणि सगळा गाव क्लबात बसून बघणार. मी साडेआठला हजर. माझ्या एचएमटीच्या घड्याळात साडेआठ! त्याच रात्री तिकडची घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे केली होती, हे मला कोण सांगणार? म्हणजे खरे वाजले होते साडेसात.

आत तीनच माणसं. पंचाहत्तरीचे एक आजोबा फरशी पुसत होते. एक बाई पावांना लोणी लावत होत्या. तिसरा खुर्च्या मांडत होता. त्याने मला विचारलंसुद्धा नाही, मी कोण आणि कुठला. म्हणाला, ते टोक धरा. मी टेबलाचं टोक धरलं. तासाभरात आम्ही दीडशे खुर्च्या मांडल्या. मग लोक आले, आरडाओरडा झाला, वेल्स 19-16 असा हरला. मोठमोठी माणसं रडली. पंधरा मिनिटांनी हॉल रिकामा, आणि ती तीन माणसं परत खुर्च्या उचलायला. या वेळी चौथा मी.

तेव्हापासून माझी शनिवारची जागा बदलली. रेषेबाहेर उभं राहणं संपलं आणि मला क्लबाचा मागचा दरवाजा कळला. सामना अडीचला. पण फरशी पुसणारे ते आजोबा सकाळी दहालाच मैदानावर, पांढऱ्या रेषा आखायला. आपण ज्याला फक्की मारणं म्हणतो ते. रात्री पाऊस पडून रेषा पुसल्या की पुन्हा आखायच्या. खांबांना गाद्या बांधायच्या, कोपऱ्यात झेंडे रोवायचे. चिखलाने माखलेल्या जर्सी धुवायची एकीची पाळी. प्रथमोपचाराची पेटी भरायचं काम दुसऱ्याकडे. डिसेंबरात चार वाजता सूर्य मावळतो, म्हणून खेळ लवकर सुरू करायचा, तर पाहुण्या संघाला फोन कुणी करायचा? त्याचाही माणूस ठरलेला.

आमचा संघ काही भारी नव्हता, जिंकण्यापेक्षा हरायचाच जास्त. एकदा तर पन्नासच्या वर गुण खाल्ले. पण खेळ संपला की जिंकलेले दोन रांगा करून टाळ्या वाजवतात आणि हरलेले त्यामधून जातात. मग उलट. आणि मग दोन्ही संघ एका टेबलावर जेवतात. चाळिशी उलटलेला आमचा एक धिप्पाड गडी त्या दिवशी नाकात कापूस घालून माझ्याशेजारी बशा विसळत होता.

पैशासाठी सोडत काढतात. बक्षीस म्हणजे मटणाचा ट्रे. मी जन्माचा शाकाहारी, आणि पहिल्याच तिकिटाला मला लागला! ट्रे हातात धरून उभा राहिलेला माझा फोटो त्यांनी भिंतीवर लावला होता.

जुने खजिनदार मला एकदा म्हणाले, तुमच्या देशातली एक वस्तू आम्ही दरवर्षी टीव्हीवर बघतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्यासाठी खेळतात तो 'कलकत्ता कप'. 1873 मध्ये कलकत्त्यात इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. पण पलटण गेली, लोकांना पोलो आणि टेनिस आवडायला लागलं, आणि म्हणतात की फुकटचा बार बंद झाल्यावर सभासद भराभर गळाले. चार-पाच वर्षांत क्लब मोडला. बँकेत पैसे शिल्लक होते. त्यांनी ते रुपयांच्या नाण्यांत काढले, 270 चांदीची नाणी वितळवून एक कप केला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. नागांच्या आकाराचे तीन कान, झाकणावर हत्ती. 1879 पासून त्या कपासाठी सामने होतात. खजिनदार हसत म्हणाले, शिल्लक होती म्हणून कप झाला, पण फक्की मारणारा कुणी उरला नाही म्हणून क्लब गेला. आज आपला रौप्यमहोत्सव, म्हणून ही चांदीची गोष्ट मुद्दाम सांगितली.

मग फेब्रुवारी आला. 15 आणि 16 तारखेला डेनिस नावाचं वादळ आलं आणि टॅफ नदी अशी फुगली, की पन्नाशीतले लोकही म्हणत होते, आम्ही असं पाहिलं नाही. पाँटिप्रिधच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. आमच्या क्लबात कमरेएवढं. रविवारी ओसरल्यावर बघितलं तर खुर्च्या, कार्पेट, जर्सी, सगळ्यावर बोटभर गाळ.

मला काय आठवलं असेल, सांगा. 26 जुलै 2005. तुम्ही सगळे होतात. तळमजल्याची सात घरं वरच्या मजल्यांवर वाटून घेतली होती. बी विंगच्या गच्चीवर एकच चूल आणि सगळ्यांची खिचडी. कुठली नोटीस निघाली होती, की मीटिंग झाली होती?

तिथे सोमवारी सकाळी साठ-सत्तर माणसं झाडू-फावडी घेऊन आली. आणि शेजारच्या खोऱ्यातला संघ, ज्यांच्याशी यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उभा दावा, तो दोन पंप घेऊन आला. मी वयस्कर, म्हणून मला बसून करायचं काम दिलं. भिंतीवरचे जुने फोटो फ्रेममधून काढून पुसायचे. खाणीतून वर येऊन खेळायला उभे राहिलेले पंधरा-पंधरा जण. चेहरे थेट माझ्या वडिलांच्या कबड्डी संघासारखे. हिने घरी बटाटेवडे तळून पाठवले. मंगळवारी पुन्हा मागणी आली.

माझा मुलगा माझ्यासमोर बसून कप धूत होता. हात चालू ठेवून म्हणाला, "बाबा, तुम्ही तो बोर्ड लावलात ना, त्या दिवशी मी खालीच होतो."

आता बोर्डाचं सांगतो. नव्या मंडळींना माहीत नसेल. 2001 मध्ये मी सेक्रेटरी होतो. तळमजल्यावरच्या एका घराची काच चेंडूने फुटली. मी तीन दिवसांत मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचा बोर्ड ठोकला: 'सोसायटीच्या आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' मला त्याचा अभिमान होता. शिस्त आणली म्हणून.

मुलगा म्हणाला, "काच मीच फोडली होती. सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलंच नाहीत. डायरेक्ट बोर्ड लावलात."

त्याची दहावी जवळ आली होती तेव्हा. त्यानंतर तो खाली खेळायला गेल्याचं मला आठवत नाही. शाळेच्या कबड्डी संघातही होता तो. मी एकही सामना पाहिला नाही, सोसायटीच्या कामात होतो म्हणून. आणि आता सातासमुद्रापार नातवाच्या फिती ओढण्याला टाळ्या वाजवत होतो. मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, तो कप नीट पूस, कान्याला गाळ राहिलाय.

आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात परतलो. करोनामुळे त्यांचा हंगाम मध्येच थांबला, पुरा झालाच नाही. इथे लॉकडाऊन लागला. आम्ही नुकते परदेशातून आलेले, दाराशी यायला कुणी धजेना. त्याबद्दल माझी तक्रार नाही, दिवसच तसे होते. पण रोज सकाळी साडेसातला दुधाची पिशवी आणि औषधं दारात ठेवून बेल वाजवून जाणारा कोण होता? सी विंगचा तो मुलगा, त्याची दोन लेकरं आज पुढच्या रांगेत बसली आहेत. 2001 मध्ये ज्या पोरांना मी मागच्या जागेतून हाकललं, त्यातला एक. काच प्रकरणात तोही होता, हे त्यानेच नंतर सांगितलं. शिक्षा म्हणून मी त्याच्याकडून रोज एक बातमी ऐकायला लागलो.

लॉकडाऊन उठल्यावर मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली गेलो आणि तो बोर्ड काढला. वॉचमनने विचारलं, काका, कमिटीचा ठराव झाला का? म्हटलं, लावताना कुठे झाला होता?

आता आजचं. पुढच्या सर्वसाधारण सभेत मागच्या मोकळ्या जागेत चौदा गाड्यांच्या पार्किंगचा विषय येणार आहे. अडचण खरी आहे. माझी स्वतःची गाडीही रस्त्यावर उभी असते आणि दोनदा तिला ओरखडे पडलेत. तरी मी विरोधात मत देणार आहे, ते इथेच सांगून ठेवतो. ज्यांना पटत नाही त्यांनी सभेत जरूर बोलावं. फक्त एक विनंती आहे. मत देण्याआधी एकदा संध्याकाळी सहाला मागे येऊन उभे राहा. तिथे कोण खेळतंय, कोण कठड्यावर नुसतं बसलंय, ते बघा. विचारा त्यांना. मी विचारलं नव्हतं.

आणि जागा राखली म्हणजे काम झालं, असं नाही. गेली दोन वर्षं कमिटीला उभं राहायला माणूस मिळत नाही. पंपाचा आवाज आला की फोन करणारे वीस, आणि खाली जाऊन बघणारा एक. त्या एकाचं वय आता एकाहत्तर आहे, तो तुमच्यासमोर बोलतोय. चेंडू मागे द्यायची वेळ झाली आहे. घ्यायला कुणीतरी मागे धावत असलं पाहिजे, एवढंच.

भाषण संपवतो. येत्या रविवारी मागच्या अंगणात मुलांचे कबड्डीचे सामने ठेवलेत. सकाळी सातला मैदान आखायचं आहे. फक्कीची गोणी मी आणून ठेवली आहे. दोरी धरायला दोन माणसं लागतील. टोक धरता येणं, एवढीच पात्रता.