हिरवा की मोरपिशी?

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा ठरला की शेडकार्ड येते आणि वादाला तोंड फुटते. एकाला जो रंग हिरवा, तोच दुसऱ्याला निळसर! खोटे कुणीच बोलत नसते. या दोहोंमधली सीमारेषाच पुसट, त्यात उजेडाप्रमाणे ती सरकते. उत्तरेच्या खिडकीतला उजेड निळसर. तिथे मोरपिशी अधिक निळा दिसतो. पिवळ्या दिव्याखाली तोच हिरव्याकडे झुकतो. शिवाय वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होते. त्यामुळे घरातल्या आजोबांना हिरव्या-निळ्यातला फरक कमी जाणवतो.

म्हणून दुकानातल्या झगमगाटात निर्णय नको. दोन्ही रंगांच्या लहान डब्या आणा, मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. ओला रंग फसवतो. मग ते पुठ्ठे त्याच खोलीत भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहा. लालसर फरशीशेजारी हिरवा अधिकच हिरवा वाटतो, हेही ध्यानात ठेवा.

आणि ज्याची खोली, त्याला आधी विचारा. ती भिंत आजोबा दिवसभर पाहणार. आपण चहा द्यायला जाणार, तेवढेच!