तिकडे आता किती वाजले?
(संस्थेच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज परदेशी नोकरीस आहेत. फोन उचलण्यापूर्वी "तिकडे आता किती वाजले असतील?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मी बोटीवर नोकरी केली. त्या काळात पाहिलेल्या दोन गावांच्या आधारे या साध्या प्रश्नाविषयी चार शब्द बोलणार आहे. एक गाव केनियातील मोंबासा, दुसरे मलेशियातील मलाक्का.

दोन्ही बंदरे विषुववृत्ताजवळची. बारा महिने उकाडा, नारळाची झाडे, ताटात भात आणि मासळी. दिवस आणि रात्र वर्षभर जवळजवळ सारखीच. पूर्वी दोन्हीकडची शिडाची जहाजे मोसमी वाऱ्याची वाट पाहत थांबत. मलाक्का १५११ साली पोर्तुगीजांनी घेतले, मोंबासाचा फोर्ट जीझस हा किल्ला त्यांनीच १५९३ मध्ये बांधायला घेतला, आणि दोन्हींवर हुकूम चाले तो गोव्यातून. आजही आपण या दोन गावांच्या बरोबर मध्ये आहोत. आपल्याकडे दुपारचे १२ वाजतात तेव्हा मोंबासात सकाळचे साडेनऊ आणि मलाक्कात दुपारचे अडीच वाजलेले असतात.

म्हणजे दोन गावांत पाच तासांचा फरक. पण सूर्याला विचारले तर तो वेगळेच सांगतो! पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. या गावांत सुमारे साडेबासष्ट अंशांचे अंतर आहे, म्हणजे चार तास दहा मिनिटे. उरलेली पन्नास मिनिटे माणसांनी घातलेली आहेत. मलेशियाच्या पूर्वेकडील साबा आणि सारावाक प्रांतांशी वेळ एक व्हावी म्हणून १ जानेवारी १९८२ पासून द्वीपकल्पातील घड्याळे अर्धा तास पुढे केली गेली. मोंबासात सव्वासहाच्या सुमारास उजाडते, तर मलाक्कात सातच्या आसपास. तेथे पहाटेच्या अंधारात दप्तर घेऊन निघालेली मुले मी पाहिली आहेत. देशाची सोय झाली, पण पहाटेची झोप त्या मुलांची गेली.

मोंबासाची तऱ्हा निराळी. स्वाहिली बोलणारा माणूस तास मोजतो ते दिवस उजाडल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्याचा एक, आपले बारा म्हणजे त्याचे सहा. घड्याळ आपल्यासारखेच, पण काट्याच्या समोरचा आकडा वाचायचा. हे मला ठाऊक नव्हते. जुन्या वस्तीतील एका वृद्ध शिंप्याने सदऱ्याचे माप द्यायला "सा ताटू", म्हणजे तीन वाजता, बोलावले. मी ऐटीत दुपारी तीनला गेलो. तो बिचारा सकाळी नऊपासून माझी वाट पाहत होता, आणि माझ्यासाठी त्याने दुसरे गिऱ्हाईक परत पाठवले होते. मी वेळेवर आलो असे समजत होतो, आणि त्याची अर्ध्या दिवसाची कमाई बुडाली होती. त्याने रागावण्याऐवजी मनगटावरचे घड्याळ पुढे केले आणि समोरच्या आकड्यावर बोट ठेवले. मला फार शरम वाटली.

पण आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पंचांगाचा दिवसही सूर्योदयापासूनच सुरू होतो. १९०६ साली सरकारने प्रमाणवेळ लादली तेव्हा मुंबईत मोठा विरोध झाला. कारण मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. नव्या घड्याळाप्रमाणे कामगाराला तेवढे लवकर उठावे लागणार होते. मुंबई महानगरपालिकेने आपली जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे जपली.

बंधू-भगिनींनो, प्रमाणवेळ हवीच. तिच्याशिवाय आगगाडी, बोट, विमान चालणार नाही. परंतु घड्याळ माणसांनी माणसांसाठी ठरवलेले आहे. ते ठरवताना पहाटे उठणाऱ्याची आठवण ठेवली पाहिजे. आणि उद्या परगावच्या कुणाला "उशीर केलास" असे म्हणण्यापूर्वी, तो कोणत्या घड्याळाने चालतो एवढे विचारावे. त्या शिंप्याने मला शिकवलेले हेच. सदराही त्याने त्याच संध्याकाळी, बोट सुटण्यापूर्वी, शिवून दिला.