काचेच्या पेटीतली लाल तलवार

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



मागच्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर आपल्यातल्या एका ताईंनी मला दारात गाठले. त्या गोदावरीतल्या पाणवेली काढायच्या कामावर रोजाने जातात. म्हणाल्या, "गुरुजी, आम्ही दिवसभर पाण्यात उभं राहून वेली उपसतो, आन् तुम्ही घरात काचेच्या पेटीत पाण्याचं झाड पोसता. हे कसं?"

प्रश्न रास्त होता. उभ्या उभ्या उत्तर देता येईना. म्हणून आज त्या झाडाचीच गोष्ट सांगतो. ताईंच्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

माझ्या नातीने वाढदिवसाला मासे मागितले. तेव्हा आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची पेटी आणली. तिच्यात साधारण ६० लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे नुसते पाणीच ६० किलो झाले. काच आणि वाळू वेगळीच! म्हणून पेटी भिंतीतल्या फळीवर न ठेवता भक्कम बाकावर ठेवली. चार-पाच गप्पी मासे सोडले आणि मधोमध एक रोप लावले. त्याची पाने लांबट आणि टोकदार, तलवारीच्या पात्यासारखी. दुकानदार त्याला 'सोर्ड प्लँट' म्हणतात. सोर्ड म्हणजे तलवार. साधी जात हिरवी असते. आमची जात रंगीत. तिचे कोवळे पान तांबडेलाल निघते.

झाड लावायचे तर आधी त्याचे गाव विचारावे. ही तलवार मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिकडे ती नदीकाठच्या चिखलात उगवते. पूर आला की बुडते, पाणी ओसरले की उघडी पडते आणि फुलते. आपल्याकडे ओढ्याकाठी अळू असते ना, तशी ही पाय ओले ठेवून जगणारी. एवढे कळले की पुढचे सगळे सोपे.

रोपवाटिकेत हे रोप बहुधा पाण्याबाहेर वाढवतात, फक्त मुळे ओली ठेवतात. मग आपण ते एकदम पाण्यात बुडवतो. हवेत वाढलेली पाने पाण्यात टिकत नाहीत. आमच्या रोपाची पाने पंधरा दिवसांत पिवळी पडून सडू लागली. मी ते उपटणार, तोच नात म्हणाली, "आजोबा, थांबा! मधे बघा!" मधे बोटाच्या पेराएवढे एक लाल पान डोके वर काढत होते. ते पाण्यातच जन्मलेले पान, म्हणून ते टिकले. जुनी पाने मी कात्रीने काढून टाकली. तेव्हा लक्षात ठेवा, पहिला महिना रोपाला उपटू नका. नव्या जागी रुळायला त्याला वेळ लागतो. पन्नाशीत पाटी हाती धरणाऱ्याला हे मी काय सांगावे!

आता जमिनीचे बघू. हे झाड मुळांवाटे भरपूर खाते. तळाशी तीन इंच जाड वाळू हवी. वाळू धुवावी, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. मग चिमूटभर वाळूवर लिंबू पिळावे. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे असे समजावे आणि ती वाळू घेऊ नये. चुन्याने पाणी जड होते, आणि फार जड पाणी या झाडाला मानवत नाही. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या लाल मातीत लोह असते. त्या मातीच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून वाळवाव्या आणि मुळांजवळ खोल दाबाव्या. शेणखत किंवा युरिया मात्र कधीही घालू नये. त्याने पाणी विषारी होते आणि मासे मरतात.

लावताना मुळे वाळूत जावी, पण पाने जिथून फुटतात तो गड्डा वर उघडा राहावा. तो पुरला गेला तर कुजतो.

लाल रंग कशाने टिकतो? उजेडाने आणि लोहाने. पान जुने झाले की ते हिरवट होणारच, त्यात काळजीचे कारण नाही. पण नवे पानही फिके येऊ लागले तर उजेड कमी आहे किंवा खाणे कमी आहे. उजेड म्हणजे खिडकीतले ऊन नव्हे. उन्हाने पेटीत शेवाळ माजते. वरून एक दिवा लावावा, रोज आठ तास, ठरल्या वेळी.

इथे माझी एक फजिती सांगतो. रंग लवकर चढावा म्हणून मी पाण्यात घालायच्या खताची बाटली आणली. मात्रा बाटलीवर छापलेली होती, काही थेंबांची. तीस-पस्तीस वर्षे मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून बजावणारा मी! चष्मा न लावताच झाकणभर खत ओतले. आठ दिवसांत काचा हिरव्यागार झाल्या, तलवारीच्या पानांवर शेवाळाची गोधडी चढली. महिनाभर पाणी बदलत बसलो. छापलेले वाचावे, ते अशासाठी.

पाण्याचा नियम साधा आहे. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घालतात. ते माशांना सोसत नाही. म्हणून बादलीत एक दिवस उघडे ठेवलेले पाणी वापरावे. दर आठवड्याला पेटीतले पाव पाणी काढून तेवढे नवे घालावे. आणि आपली नाशिकची थंडी! पौषात पहाटे पारा दहा अंशांच्याही खाली जातो. या झाडाला २२ ते २८ अंश पाणी मानवते. हिवाळ्यात पेटीत लहान हीटर लावावा लागतो. पण पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेचे प्रत्येक बटण बंद करून पिना काढायच्या. हे विसरू नका.

असे वर्ष गेले की झाड लांब दांडी काढते. पाण्याखाली त्या दांडीवर फुलांच्या जागी बाळरोपे धरतात. चार-पाच पाने आणि मुळे फुटली की ती तोडून लावता येतात. आमच्याकडे एका दांडीला सात आली.

आणि इथेच ताईंचा प्रश्न उभा राहतो. जास्तीच्या रोपांचे काय करायचे?

मी मुख्याध्यापक असताना शाळेत अशीच एक पेटी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ती रिकामी करायची होती. मी शिपाईदादांना म्हणालो, "या वेली नदीत टाकून या. जीव आहे, मरायला नको." त्यांनी टाकल्या. मला पुण्य केल्यासारखे वाटले. आज ते आठवले की मान खाली जाते.

कारण ताई, तुम्ही उपसता त्या पाणवेलीचे गावही दक्षिण अमेरिकाच. लोक तिला जलपर्णीही म्हणतात. तिचे जांभळे फूल देखणे. त्या फुलाच्या मोहाने माणसांनी तिला देशोदेशी नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली. पुढे तिथल्या नद्या नि भातखाचरे तिने भरून टाकली, होड्या अडल्या. १९३६ साली तिच्यासाठी बंगालला वेगळा कायदा करावा लागला. तिच्या मायदेशी तिला खाणारे किडे आहेत. इथे ते मूळचे नाहीत. वर आपण गटारे नदीत सोडतो, म्हणजे तिला आयते खत मिळते. दोन आठवड्यांत ती दुप्पट होऊ शकते. तिच्या झाकणाखाली पाण्यात उजेड जात नाही, प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात, डास होतात. हेच पाणी खाली नांदूर मध्यमेश्वरला जाते. तिथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्या पाणथळ जागेला जगाच्या रामसर यादीत मान मिळाला, महाराष्ट्रात सर्वांत आधी.

तलवारीने गोदावरीत काही उपद्रव केला, असे मी म्हणत नाही. पण जलपर्णी आणणाऱ्यांनाही तेव्हा ती निरुपद्रवीच वाटली होती. नदीत गेलेली वेल परत बोलावता येत नाही. ती उपसायला मग कोणाला तरी पाण्यात उभे राहावे लागते. फूल पाहणारा एक, आणि पाय कुजवणारा दुसरा.

म्हणून माझा नियम असा. जास्तीची रोपे आणि छाटलेली पाने उन्हात कुरकुरीत वाळवायची, मग खड्ड्यात खत करायचे. नाल्यातही टाकायची नाहीत. नासर्डी काय, वाघाडी काय, शेवटी गोदावरीलाच मिळते. मासेही नदीत सोडायचे नाहीत. पेटीतले जुने पाणी तुळशीला, गुलाबाला घालायचे. माशांच्या विष्ठेने त्याला कस आलेला असतो.

ताई, हे माझे उत्तर. काचेच्या पेटीत झाड पोसण्यात पाप नाही. पेटीची भिंत सांभाळली नाही, तर ते पाप.

पुढच्या गुरुवारी मी ती सात बाळरोपे घेऊन येईन. ज्याला हवे त्याने न्यावे. पैसे नकोत, अट एकच. नेण्यापूर्वी आपल्या वहीत, आपल्या हाताने एक ओळ लिहायची: 'हे रोप मी नदीत टाकणार नाही.' खाली सही करायची. अंगठा चालणार नाही! आता तुम्हा सर्वांना सही येते.