खाड्याचे सहा शिलिंग



कामगार चळवळीत जन्म घालवलेल्या माणसाने खेळावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तेथे आम्ही पहिला शब्द शिकलो तो 'खाडा'. आज ज्या क्लबाची हकीकत सांगायची आहे, तिच्या मुळाशी हाच शब्द आहे.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात फेदरस्टोन हे कोळशाच्या खाणीवर वाढलेले छोटे गाव. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. १८९३ साली खाणमालकांनी मजुरीत पंचवीस टक्के कपात मागितली. कामगारांनी ती नाकारली, तेव्हा मालकांनी टाळेबंदी केली. ७ सप्टेंबरला येथील ॲक्टन हॉल खाणीपाशी जमलेल्या लोकांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. जेम्स गिब्ज आणि जेम्स डगन हे दोन तरुण प्राणास मुकले.

बरोबर तेरा दिवसांनी लंडनमध्ये रग्बी संघटनेची सभा भरली. रग्बी म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगाला अंग भिडवण्याचा खेळ. यॉर्कशायरच्या प्रतिनिधींचे मागणे एवढेच होते, की सामन्यापायी कामाचा खाडा झाला तर खेळाडूला त्याची भरपाई मिळावी. २८२ विरुद्ध १३६ मतांनी ते फेटाळले गेले. खेळ हौसेसाठीच असावा, हे तत्त्व सांगण्यात आले. तत्त्व चांगलेच! पण एका खाड्याने ज्याच्या चुलीवर परिणाम होत नाही, त्याला हौस स्वस्त पडते.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लब एकत्र जमले आणि जुन्या संघटनेतून बाहेर पडले. खाड्याबद्दल दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई त्यांनी मान्य केली. हाच खेळ पुढे 'रग्बी लीग' म्हणून ओळखला जाऊ लागला.

फेदरस्टोन रोव्हर्स हा क्लब १९०२ साली उभा राहिला आणि १९२१ साली वरच्या लीगमध्ये दाखल झाला. मोठ्या शहरांच्या संघांशी झुंजत या गावाने १९६७, १९७३ आणि १९८३ साली चॅलेंज कप जिंकला. १९८३ च्या अंतिम सामन्यात बलाढ्य हल संघाला त्यांनी १४-१२ असे हरवले. पुढच्याच वर्षी खाणकामगारांचा मोठा संप झाला. तो वर्षभर चालून मोडला, आणि १९८५ साली ॲक्टन हॉल खाण बंद पडली.

१९९५ साली शेजारच्या वेकफील्ड व कॅसलफर्डच्या क्लबांबरोबर रोव्हर्सचे विलीनीकरण करण्याची योजना निघाली. खाण गेली होती. आता क्लबाचे नावही जाणार होते. गाव विरोधाला उभे राहिले आणि योजना बारगळली. १९९६ साली सुरू झालेल्या सुपर लीगमध्ये फेदरस्टोनला जागा मिळाली नाही, पण नाव टिकले.

खाण मालकाची होती, म्हणून ती बंद करताना गावाला कोणी विचारले नाही. क्लब मात्र गावाने आपला मानला होता. जे आपले मानले, त्यासाठी माणसे खाडा करूनही उभी राहतात, हे आम्ही फाटकावर पाहिले आहे.